खांबामागचा बाक

मी जन्मभर दर रविवारी उभा राहिलो. माझं कामच तसं होतं. पाळक म्हणजे सगळे बसलेले असताना उभं राहून बोलणारा माणूस. माझी बायको म्हणायची, "तुम्हाला पगार उभं राहण्याचा मिळतो, बोलण्याचा नाही. बोलता तर तुम्ही घरीसुद्धा, आणि तेही फुकट."

निवृत्त झालो तेव्हा मंडळीने मला एक आरामखुर्ची भेट दिली. खुर्ची चांगली आहे. तिच्यात बसलं की उठवत नाही, आणि उठून करायचं काही नसल्यामुळे तेही बरंच आहे. आता मी सकाळी प्रार्थना करतो, पण तिचं पूर्वीचं वळण राहिलेलं नाही. पूर्वी मी देवाला लोकांची गाऱ्हाणी सांगायचो. आता त्याच्याकडे बायकोसाठी निरोप देतो. तिला विचार, थंडीची पांघरुणं कुठे ठेवलीत. तिला सांग, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. देवाकडून उत्तर येत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांना मीच सांगत आलोय की उत्तराला वेळ लागतो. फक्त पांघरुणं शेवटी नवी आणावी लागली.

पण मला सांगायचंय ते वेगळं आहे.

आमच्या सगळ्या संसारात मी आणि ती चर्चमध्ये शेजारी शेजारी कधी बसलो नाही. मी पुढे व्यासपीठावर आणि ती मागे बाकावर. दुसऱ्यांची लग्नं लावायला मीच असायचो. मुलीचं लग्नही मीच लावलं, म्हणजे नवरीचा बाप म्हणून बसायची वेळ आली तीही गेली. आमच्या स्वतःच्या लग्नात आम्ही शेजारी होतो खरे, पण तेव्हा उभे होतो. तिला शेवटचा निरोप द्यायच्या दिवशी मी पहिल्यांदा सबंध वेळ बाकावर बसलो. त्या दिवशी ती पुढे होती.

तिची जागा ठरलेली होती. आमच्या चर्चमध्ये डाव्या बाजूला एक जाडजूड खांब आहे, त्याच्यामागे एक आखूड बाक. तिथे बसलेल्याला व्यासपीठ दिसत नाही आणि व्यासपीठावरून तो बाक दिसत नाही. पाळकाची बायको पहिल्या रांगेत बसते, निदान लोकांची तशी अपेक्षा असते. ही खांबामागे. मी लग्नानंतर लवकरच तिला विचारलं होतं.

"समोर बसले की तुम्ही माझ्याकडे बघून बोलता," ती म्हणाली. "परवा 'रागावर ताबा ठेवा' म्हणालात तेव्हा सगळी बायकामंडळी माझ्याकडे वळली. मी काही त्या दिवशी रागावले नव्हते."

मला हे पटलं होतं. तरी उपदेश करताना खांबाकडे बघून मनात यायचं, एकदा तिथे तिच्याजवळ जाऊन बसावं. लोक गीत म्हणतात तेव्हा ती कोणत्या पट्टीत म्हणते, तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

निवृत्तीनंतर ते सहज जमेल असं आम्हाला वाटलं. पण आमच्यात एक रीत आहे. जुना पाळक पायउतार झाला की त्याने काही काळ त्या चर्चकडे फिरकायचं नाही, म्हणजे नव्याचा जम बसतो. ही रीत चर्चच्या पंचांकडून पक्की करून घेतली ती मीच. मी तरुण असताना माझ्या आधीचे पाळक दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसायचे. माझं काही चुकलं की खोकायचे. एका रविवारी त्यांना खरंच सर्दी झाली होती, आणि मी उपदेश अर्ध्यावर सोडून आशीर्वाद देऊन टाकला.

म्हणून मग आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लहानशा चर्चमध्ये जायला लागलो. ती आत शिरून बाक बघायची, मी तिच्या मागोमाग. बूड टेकतं न टेकतं तोच तिथले पाळक म्हणायचे, "आज आपल्यात एक ज्येष्ठ सेवक आहेत, त्यांनी पुढे यावं." झालं. मी पुढे, ती मागे. घरी परतताना ती म्हणायची, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही का हो? लोकांना तर तुम्ही मोहाला नाही म्हणायला शिकवता."

"त्या बिचाऱ्यांना एक रविवार सुट्टी मिळते."

"आणि माझं काय?"

शेवटी आमचं ठरलं. मुदत संपली की आपल्याच चर्चमध्ये जायचं, उशिरा जायचं आणि गुपचूप खांबामागे बसायचं. तिथून कुणी आपल्याला उठवणार नाही. मुदत संपत आली होती, आणि ती गेली. आजारपण लांबलं नाही. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, "तुमच्या उपदेशापेक्षा लवकर आटोपलं."

ती गेल्यावर मुदतही संपली. पण माझा पाय निघेना. एकट्याने जाऊन काय करायचं, हे एक. दुसरं म्हणजे नव्या पाळकाचा जम बसलेला नव्हता. मुलगा चांगला आहे, अभ्यासू आहे, पण बोलायला उभा राहिला की कागदातून डोळे वर काढत नाही. हे मला चर्चची घंटा वाजवणाऱ्याने सांगितलं. त्याला आम्ही सगळे घंटी म्हणतो. तो आठवड्यातून एकदा माझ्याकडे चहाला येतो आणि सगळ्या गावाच्या बातम्या देऊन जातो.

"पाळकसाहेब, तुमची सर नाही," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "तुम्ही बोलायला लागलात की मागच्या बाकावरचा माणूससुद्धा जागा व्हायचा."

"मागच्या बाकावर तूच असायचास."

"म्हणून तर सांगतोय ना!"

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, जायचं तर जा ना सरळ. आईला बोलला होतात ना? चर्चमध्ये जायला कुणाची परवानगी लागते?"

मला लागते. मी ज्याला मोकळं मैदान द्यायचं कबूल केलं होतं, त्याला विचारल्याशिवाय जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. घर म्हणजे आमचंच जुनं घर, चर्चच्या आवारातलं. त्याचं पुढचं दार चौकटीत अडकायचं, खांदा लावून ढकलावं लागायचं. मी सवयीने खांदा लावला. त्यांनी दार दुरुस्त करून घेतलं होतं. मी थेट बैठकीच्या खोलीच्या मध्यापर्यंत गेलो.

नव्या पाळकाची बायको बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती आधी दचकली, मग हसली. "काका, आता बेलसुद्धा बसवलीय."

तिने मला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण बाहेरच्या खोलीत कपड्यांचा ढीग होता. ओट्याच्या वरच्या फळीखाली माझ्या बायकोने ओळीने आकडे ठोकून घेतले होते. त्यांना ती गाळणी, चिमटा, झारा अडकवायची. आता तिथे बाळाची दुपटी वाळत होती. मला बरं वाटलं की वाईट, ते मी ठरवलं नाही.

पाळक आतून आला. मला बघून त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

मी म्हटलं, "एका रविवारी येऊ का, असं विचारायला आलोय."

"उपदेशाला?"

"बसायला."

"बसायला," तो म्हणाला आणि बायकोकडे बघितलं. "पंच काही बोलले का माझ्याबद्दल? माझा आवाज मागेपर्यंत जात नाही, असं काही?"

"मला कुणी काही बोललेलं नाही," मी म्हणालो. हे खरं नव्हतं. निवृत्त पाळकाला देव थोडी सूट देत असावा.

"कारण मी आवाजावर काम करतोय. रोज सकाळी मोठ्याने वाचतो."

"झोपेतसुद्धा वाचतात," त्याची बायको म्हणाली. "बाळ उठतं. अहो, काका काय म्हणतायत ते ऐकून तरी घ्या."

मग मी सांगितलं. खांबामागचा बाक, तिची जागा, आमचं ठरलेलं आणि राहून गेलेलं. मी जन्मभर लोकांसमोर बोललो, पण दोन माणसांसमोर एवढंसं सांगताना मला दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. बाळ माझ्या चष्म्याकडे टक लावून बघत होतं.

पाळक म्हणाला, "या ना साहेब. तुमचंच चर्च आहे. पण खरं सांगू? तुम्ही समोर दिसलात तर मी लिहून आणलेलं सगळं विसरेन."

"मध्ये खांब आहे. मी दिसणार नाही."

"पण लोकांना कळलं तर ते वळून वळून बघणार. मग माझ्याकडे कोण बघणार?"

त्याला काय वाटत असेल ते मला पुरतं कळत होतं. खोकणारे पाळक मी विसरलो नव्हतो. मी म्हटलं, "घंटा होऊन गेल्यावर येईन आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघेन. कुणाला सांगणार नाही. तुमची अडचण होते आहे असं वाटलं, तर मधूनच उठून जाईन. पाळकाचा शब्द आहे."

"निवृत्त पाळकाचा," त्याची बायको म्हणाली, आणि तो पहिल्यांदा हसला.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे उशिरा पोचलो. घंटी फाटकाशीच उभा होता.

"पाळकसाहेब, तुम्ही येणार हे मी कुणाला सांगितलं नाही हां. फक्त बायकोला."

"तुला कुणी सांगितलं?"

"नव्या साहेबांनीच. म्हणाले, घंटा जरा जास्त वेळ वाजव, काकांचे गुडघे दुखतात."

आत गीत चालू होतं. मी मान खाली घालून डाव्या बाजूने खांबामागे गेलो. बाकावर माझ्या बायकोची मैत्रीण बसली होती. ती लोकांचे कपडे शिवते, आणि तोंड असं चालतं की शिवणयंत्र मागे पडावं. तिने पर्स उचलून जागा केली.

"आलात का भाऊजी? बसा. भिंतीकडची जागा ताईची. मी कुणाला बसू देत नाही तिथे."

मी तिच्या जागेवर बसलो. बाकाची कड गुळगुळीत झाली होती. समोर खांब, त्याच्यावर रंगाचा एक पोपडा निघालेला आणि पंख्याचं बटण. बस्स. एवढी वर्षं ती याच्याकडे बघत माझे उपदेश ऐकत होती. भिंतीत एक अरुंद खिडकी होती. तिच्यातून मी बाहेर बघितलं, आणि मला आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी समोर दिसली.

"हे इथून दिसतं?" मी हळूच विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं, ताई इथे कशाला बसायची?" मैत्रीण कुजबुजली. तिचं कुजबुजणं तीन बाक पुढे ऐकू जातं. "जेवण मंद आचेवर ठेवून यायची. खिडकीतून वाफ किती येते त्यावर लक्ष. वाफ कमी झाली की म्हणायची, आता यांनी आटपलं नाही तर आज करपलेलंच जेवायचं."

"मला म्हणाली होती, मी तिच्याकडे बघून बोलतो म्हणून."

"तेही असेल. पण करपायचंच की नाही? सांगा."

करपायचं. मी ते मुकाट्याने खायचो आणि सोशिकपणाबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. मला तिथेच हसू आलं. खाली मान घालून हसलो, तर डोळ्यांत पाणी आलं, म्हणून रुमाल काढला. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने खांबाकडे बघत माझ्या हातावर एक चापट मारली आणि हात मागे घेतला.

उपदेश सुरू झाला. विषय होता, काळजी करू नका. पाळकाचा आवाज इतका कापत होता की माझीच काळजी वाढली. त्यात लोक वळून बघायला लागले होते. घंटीच्या बायकोने आपलं काम चोख केलं होतं. आधी पहिल्या रांगेतला एक पंच वळला, मग त्याच्या मागची रांग, आणि मग सगळी मंडळी मान वाकडी करून खांबाच्या कडेने डोकावायला लागली. पाळक एका वाक्यात दोनदा अडकला. नंतर त्याने सोडूनच दिलं.

"आज आपल्यात," तो म्हणाला, आणि मी ओळखलं. "आज आपल्यात आपले जुने पाळकसाहेब आहेत. मला वाटतं, माझ्यापेक्षा त्यांनीच पुढे यावं."

मला त्याला शब्द दिला होता तोही आठवला आणि तिचं "नाही म्हणता येत नाही का हो" हेही. उठून पुढे गेलो तर तो मुलगा त्या व्यासपीठावर पुन्हा कधीच सरळ उभा राहिला नसता. उठून बाहेर गेलो तर सगळ्यांनी मला बघितलं असतं, आणि वर हा बाकही गेला असता. गुडघे तर सवयीने आधीच उठायला लागले होते. मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला.

"मी आज आलेलो नाही," मी खांबामागून मोठ्याने म्हणालो. "तुमचं चालू द्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून घंटी खो खो हसला आणि त्याच्यापाठोपाठ सगळे. नवा पाळकही हसला असावा, कारण पुढचं वाक्य त्याने हसतच सुरू केलं. कागद त्याने बाजूला ठेवला असणार. मला दिसत नव्हतं, पण कागद वाचणाऱ्याचा आवाज आणि माणसांशी बोलणाऱ्याचा आवाज वेगवेगळा असतो, तो मी ओळखतो. तो सांगत होता की बाळाला पहिल्यांदा ताप आला तेव्हा आपण रात्रभर काय काय केलं, आणि त्यातलं एकही कसं उपयोगी पडलं नाही. लोक ऐकत होते. वळलेल्या माना सरळ झाल्या.

त्या हसण्याने बाळ मात्र जागं झालं. पहिल्या रांगेतून रडणं सुरू झालं आणि ते आमच्याकडे येत येत मोठं झालं. खांबाला वळसा घालून पाळकाची बायको आली.

"काका, थोडं सरकता का? याला पाजायचंय. भिंतीकडे बसले तर बरं पडेल."

मैत्रीण म्हणाली, "अगं, ती ताईची..."

मी सरकलो. मैत्रीण सरकली. पाळकाच्या बायकोने बाळ क्षणभर माझ्या हातात दिलं आणि पदर नीट करायला लागली. बाळ हातात येताच माझा डावा हात त्याच्या डोक्याखाली गेला आणि तोंडातून निघालं, "नाव काय ठेवायचं?"

"बाप्तिस्मा झालाय त्याचा, भाऊजी," मैत्रीण म्हणाली. "द्या तिकडे."

पाळकाची बायको आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळून बसली. बाळ शांत झालं. थोड्या वेळाने तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

"काका, इथून आमचं स्वयंपाकघर दिसतं! थांबा... मी गॅस बंद केला होता का?"

"वाफ येतेय का बघ," मैत्रीण म्हणाली.

"नाही."

"मग बंद आहे. आपल्या माणसाचं ऐक निवांत."

ती ऐकत राहिली. तिचा नवरा शेवटाकडे येऊन पुन्हा मागे गेला तेव्हा ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आता थांबवा हो, छान झालंय." तिच्या शेजारी बसल्यामुळे ते मला ऐकू आलं. आता मी बसलो होतो ती मैत्रिणीची जागा होती. सगळी वर्षं मला हवी होती ती हीच जागा. माझ्या बायकोची नव्हे, तिच्या शेजारची. हे मला तिथे बसल्यावर कळलं. डावीकडे कुणीतरी हळू आवाजात आपल्या नवऱ्यावर कुरकुरत होतं, आणि मी त्या बाजूला बघायचं टाळत होतो.

शेवटचं गीत सुरू झालं. मी शब्द दिला होता, म्हणून निघायला लागलो. मैत्रिणीने पाय आडवा घातला.

"कुठे निघालात? आशीर्वाद घेतल्याशिवाय ताई कधी उठली नाही."

"मी त्याला सांगितलंय..."

"त्याचं मी बघते. बसा."

गीत संपलं. पाळकाने आशीर्वादासाठी हात वर केले असतील तेव्हा माझेही हात आपोआप वर गेले. हे इतकं जुनं वळण आहे की मला कळलंसुद्धा नाही. मैत्रिणीने माझी बाही धरून हात खाली ओढले.

"खाली घ्या," ती म्हणाली. "आज तुम्हाला मिळतोय."

मी हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि डोळे मिटले. मी किती वेळा हा आशीर्वाद दिला असेल. या खांबामागे तो कसा पोचतो, घेताना कसा वाटतो, ते तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. आवाज खांबाला अडून थोडा दबून येत होता. डोळे मिटल्यावर शेजारी कोण आहे ते दिसत नाही. फक्त कुणाचा तरी दंड दंडाला लागत होता आणि श्वास ऐकू येत होता.

आशीर्वाद संपला. बाकं करकरली, लोक उठले, कुणीतरी दार उघडलं.

"भाऊजी, आमेन झालं," मैत्रीण म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तसाच बसून राहिलो.